तिघांच्यात असेल ते तूस

मिस्त्री भाताच्या पोत्यात हात घालत, मूठभर दाणे तळहातावर घेत, दुसऱ्या तळव्याने रगडत आणि जोराची फुंकर मारत. तूस उडून समोरच्याच्या सदऱ्यावर बसे. उरलेल्या दाण्यांकडे एक डोळा बारीक करून बघत आणि निकाल देत, "ओलं हाय. दोन उन्हं दाव, मंग आण." पोतं सरपंचाचं असो की ठाकरवाडीतल्या म्हातारीचं, फुंकरीत फरक नसे.

पोशीरच्या अलीकडे आमच्या गावात त्यांची भातगिरणी होती आणि मी शाळेत मास्तर होतो. गिरणी ऑइल इंजिनावर चाले. डोंगराखालच्या वीजघरातून मुंबईला जाणाऱ्या जाड तारा थेट गिरणीच्या पत्र्यावरून जात, पण गावात दिवा रॉकेलचाच. साठी उलटलेले मिस्त्री रोज इंजिनाचं हँडल मारत आणि मग खांदा धरून बसत. वीज हवी होती ती एवढ्यासाठी. हँडल सुटलं की गिरणी बंद, आणि गिरणी बंद म्हणजे बायकांची डोक्यावर भात घेऊन नेरळपर्यंत पायपीट.

लोकसभेच्या निवडणुकीआधी तीन पक्षांची पत्रकं आली. मिस्त्रींची अक्षरओळख सहीपुरती, म्हणून वाचायचं मी. पक्षांना नावं त्यांनीच ठेवली. गुळगुळीत कागदवाले, बारीक अक्षरवाले आणि एकपानी. "एकेकाचं नको गुरुजी, तिघांचं एकदम घ्या. रगडून बघू." मी शाळेतला खडू आणला. सरकारी खडू राजकारणाला वापरल्याची कबुली आज देतो, तेव्हा दिली नव्हती. गिरणीच्या काळवंडलेल्या भिंतीवर तीन रकाने पडले.

त्यांचा नियम सोपा होता. जे तिघांच्यात असेल ते तूस. गरिबी जाणार, भाव उतरणार, तरुणांना काम मिळणार, देश बलवान होणार. मी वाचायचं, मिस्त्रींनी तळवे घासून फुंकर मारायची आणि मी ओळ खोडायची. अशी रगडपट्टी झाल्यावर गुळगुळीत कागदवाल्यांकडे पुढाऱ्याचा फोटो उरला आणि एकपानीवाल्यांकडे छापखान्याचा पत्ता. बारीक अक्षरवाल्यांच्या शेवटच्या पानावर मात्र एक दाणा निघाला, या भागातल्या गावांना दोन वर्षांत वीज. सगळं गाव त्यांच्या मागे गेलं. ते देशभर आपटले, ही गोष्ट वेगळी.

भिंतीची कीर्ती कर्जतपर्यंत पोचली. पुढची निवडणूक जवळ आली तशी तिन्ही पक्षांची माणसं गिरणीत येऊ लागली, भरडायला काही न आणता. भिंतीसमोर उभं राहून वहीत उतरवून घेत. मिस्त्री त्यांना बसायला पोतं अंथरत, चहा पाजत. "वाचत्यात गुरुजी," मला खुशीत म्हणत, "म्हंजी सुधारतील."

सुधारले. त्या वेळी तिन्ही पत्रकांत पहिल्याच ओळीत वीज होती. गावात पेढे वाटले गेले. भिंतीवर तिन्ही रकान्यांत वीज लिहून मी मिस्त्रींच्या तोंडाकडे बघितलं. तळवे एकमेकांवर टेकलेले होते, पण घासत नव्हते. मग म्हणाले, खोडा.

मी म्हटलं, ही एक ओळ राहू द्या, तुमच्याच खांद्याचा प्रश्न आहे.

"दुसऱ्याच्या भाताला एक फुंकर आन् आपल्या भाताला दुसरी, असं नाय करत आमी. तिघांच्यात हाय, गुरुजी."

माझा हात उठेना. त्यांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि तिन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली. मला त्यांचा फार राग आला. माणसाने स्वतःशी तरी थोडी लबाडी करावी की नाही?

गावाने मात्र त्या खेपेला तिघांनाही मतं वाटली, कारण तिघेही वीज देणार होते. पुढच्या सुगीत मिस्त्रींचा हात हँडलवरून सुटला तो सुटलाच. गिरणी बंद झाली. नेरळला निघालेल्या बायका ओट्यावर बसलेल्या मिस्त्रींपुढे ओझं उतरवून पोतं उघडत. ते मूठभर दाणे घेत, रगडत, फुंकत. "वाळलंय. जा गं." पुढे एका उन्हाळ्यात ते गेले.

ते गेल्यावर गावात विजेचे खांब आले. नुसते खांब, तार नाही. पुन्हा निवडणूक लागली, पत्रकं आली आणि मी सवयीने ती घेऊन बंद गिरणीत गेलो. गुळगुळीत कागदवाल्यांनी लिहिलं होतं, गावात वीज आणली. बारीक अक्षरवाल्यांनी लिहिलं होतं, आमच्या पाठपुराव्याने आली. एकपानीवाल्यांच्या मते ती मुळात त्यांचीच होती. मिस्त्रींचा नियम एकदा तरी खोटा ठरावा, असं मला मनापासून वाटत होतं. पत्र्यावर मुंबईच्या तारा गुणगुणत होत्या.

त्यांनी ओढलेली रेघ भिंतीवर अजून होती. तिच्याखाली मी तिन्ही ओळी लिहिल्या, तळवे घासले, फुंकर मारली आणि त्यांच्यासारखीच आडवी रेघ ओढली. खडू या वेळी पदरचा होता.