पिवळ्या रंगातली पट्टी

“तुमची भाची मुकी हाय का वो?” शेतमालकानं मावशीला हळूच विचारलं. मी चार पावलांवर, बांधावर उभी होते. मला ऐकू आलं.

“न्हाय. इंग्लिश मिडियमची हाय,” मावशी म्हणाली. त्यानं समजल्यासारखी मान हलवली.

मावशी बचत गटातून ड्रोन चालवायला शिकली आणि आता गावोगाव उसावर औषध फवारते. प्रशिक्षणाचं पुस्तक इंग्रजीत, म्हणून त्यातले शब्द मी तिला घरी समजावून दिले होते. प्रोहिबिटेड, म्हणजे त्या आकाशात कुणीच जायचं नाही. रिस्ट्रिक्टेड, म्हणजे अटी पाळून जायचं. डेंजर, म्हणजे बंदी नाही, पण आत गोळीबाराचा सराव वगैरे चालू असू शकतो, चौकशी करून जावं.

“म्हंजे जेवायला उशीर झाला की तुझं काका,” मावशी म्हणाली होती.

ड्रोनच्या नकाशावर मात्र नुसते रंग. हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत खुशाल उडवा. पिवळ्यात विमानतळाच्या नियंत्रण कक्षाची परवानगी आधी हवी. लाल असेल तर सरळ केंद्र सरकारकडे जा. नकाशा बघणं माझं काम.

त्या सकाळी मी गावाचं नाव टाकलं, हिरवा दिसला आणि “चालेल” म्हटलं. शेताचा गट नंबर विचारायला हवा होता. आमच्याकडे एका घराची जमीन चार दिशांना पट्टीपट्टीनं विखुरलेली असते, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी अनोळखी माणसाला फोन करावा लागला असता. तो मी टाळला.

मालक आम्हाला ओढ्यापलीकडे, उजळाईवाडीच्या विमानतळाकडच्या पट्टीवर घेऊन आला. उसावर तांबेरा पडलेला. औषध कालवून टाकी भरलेली. बघायला दहाबारा माणसं. मी सवयीनं मोबाईल काढला. मी उभी होते तिथला निळा ठिपका पिवळ्यात होता.

डोक्यावरून एक विमान उतरत गेलं.

“रोज जातंय की,” मालक म्हणाला. “त्याला काय आमचा ऊस लागतोय व्हय?”

सगळे हसले. मावशीही.

विनापरवानगी पिवळ्यात उडवलं तर परवाना जाऊ शकतो, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. गटातून ती एकटीच पास झालेली. तो कागद तिनं फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला आहे. मी गप्प राहिले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. हा विचार माझ्या डोक्यात जरा जास्तच वेळ टिकला, हे लिहिताना अजून लाज वाटते.

ड्रोनची पाती फिरू लागली. मावशीनं माझ्याकडे बघितलं. उडवण्याआधी ती नेहमी बघते आणि मी मान हलवते. या वेळी मी हलवली नाही. ती बघतच राहिली, मग माणसंही बघू लागली. पात्यांच्या आवाजातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी कधी बोललेच नव्हते.

“मावशी, उडवू नकोस. ही पट्टी पिवळ्यात आहे. मी सकाळी नुसतं गाव बघितलं, गट नंबर विचारलाच नाही. चूक माझी आहे.”