हेमावती अक्कांची प्यादेमात

वजिरानं दिलेली मात हेमावती अक्कांना खपत नसे. "तलवारीनं मुंगी मारली म्हणून कुणी पोवाडा गातं काय रे?" असं त्या विचारत, आणि जिंकलेलं पोर मान खाली घालून सोंगट्या पुन्हा मांडायला घेई.

धारवाडात, केलगेरीच्या तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं बसकं घर होतं. शाळेतनं निवृत्त झाल्यापासून दर रविवारी त्यांच्या पडवीत पोरं जमत. वकिलांची, मास्तरांची, कचेरीतल्या साहेबांची. अक्का खेळ शिकल्या त्या वडिलांकडून, जुन्या देशी पद्धतीनं. त्या पद्धतीत समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा उघडा पाडला तर त्याला बुर्जी म्हणत, आणि बुर्जी म्हणजे जीत नव्हे. सगळ्यांत मानाची ती प्यादेमात. पायी चालणाऱ्या शिपायानं राजाला कोंडायचं, वजिरानं नुसतं लांब उभं राहायचं.

पुढं अक्का नवे नियम शिकल्या, घड्याळ लावून खेळायला शिकल्या, पोरांनाही तेच शिकवलं. पण वडिलांचा हा एक मान त्यांनी सोडला नाही. पडवीतला डाव प्यादेमातीनंच संपायचा. "मी बुद्धिबळ नाही शिकवत," त्या पालकांना ताठ मानेनं सांगत, "जगायला शिकवते. हातात बळ असताना हात कसा आवरायचा, ते."

रूपा आली ती अळणावरच्या पलीकडून, जंगलाला लागून असलेल्या वस्तीतून. बाप सटवाजी लाकडाच्या वखारीत ओंडके चढवायचा. पहिल्या रविवारी तिनं सुमंत नावाच्या वकिलाच्या पोराची सगळी मोहरी एकेक करून खाल्ली. उपाशी माणूस ताट पुसून खातो तशी. अक्कांनी पटच उधळला.

"ही भूक डावात आणायची नाही, रूपा."

"मग कुठं आणू, अक्का?" पोरीनं विचारलं. सगळी हसली. अक्काही हसल्या.

नांगरलेल्या रानातली हरळी वेचावी तशी त्यांनी तिची भूक वेचून काढली, वर्षानुवर्षं, मायेनं. रूपा शांत झाली. जिंकत आलेला डाव ती हळू चालवू लागली, आणि शेवटी एखादं प्यादं असं सरकवी की बघणाऱ्याला कीर्तन ऐकल्यासारखं वाटावं. अक्का म्हणत, माझ्या हातून एवढं एक झालं, बस्स.

रूपाला अठरा पुरी झाली, बारावी झाली, आणि सटवाजीनं सांगून टाकलं. हुबळीच्या निवड स्पर्धेत पोरगी पहिली आली तर विद्यानगरच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश आणि वसतिगृह मिळणार होतं. मिळालं तर शिकू दे. नाही तर हल्याळकडचं स्थळ थांबलेलं होतं, सुपारी फोडायची. रूपानं मान हलवली. अक्कांनीही हलवली. हरायची गोष्ट दोघींच्याही मनात नव्हती.

शेवटच्या फेरीपर्यंत ती सगळे डाव जिंकत आली. शेवटचाही जिंकला की जागा तिची. बरोबरी झाली तर गुण सारखे होऊन सरासरीवर दुसरी एक मुलगी तिच्या पुढं जाणार होती. समोर कोचिंग क्लासातला एक पोरगा होता, काळ्या सोंगट्या घेऊन. त्याचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, बाकी उरलं होतं एकच प्यादं. रूपाचा वजीर मोकळा. तो शेवटच्या पट्टीत नेला की मात. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं उभ्या असलेल्या अक्कांना ते दिसत होतं. रूपालाही दिसलं, तिचा हात वजिराकडं गेला, अधांतरी थांबला. तिनं वर बघितलं.

अक्का हसल्या. तिचा हात आवरलेला बघून त्यांना भरून आलं, म्हणून हसल्या.

रूपानं कडेचं प्यादं एक घर पुढं सरकवलं. पुढच्या चालीला दुसऱ्या प्याद्यानं मात द्यायचा तिचा बेत होता. पण त्या एका घरानं काळ्याचं उरलेलं प्यादं अडलं. राजाला शह नाही, अन् हलायला जागाही नाही. अशा वेळी नियमानं डाव बरोबरीत सुटतो. पंचानं येऊन बघितलं, दोघांच्या सह्या घेतल्या. पोरगा खुर्चीवरनं उडी मारून ओरडला, "अप्पा, वाचलो!"

बाहेर पायरीवर रूपा चप्पल घालत होती.

"अक्का, प्यादेमात म्हणजे काय ते त्याला ठावंच नव्हतं," ती म्हणाली. "मी सोडलं म्हणून त्याला कळलंच न्हाई. त्यो म्हणतोय, लई येडी हाय पोरगी."

अक्का पायरीखाली थांबलेल्या सटवाजीकडं वळल्या. "एक वर्ष थांबा, सटवाजी. पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी वजिरानं मारंल?" सटवाजीनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अक्कांनी रूपाकडं बघितलं. पोरगी वाहनांच्या गर्दीकडं बघत शांत उभी होती, पडवीत उभी राहायची तशीच. अक्कांच्या तोंडून हो निघालं नाही.

सुपारीला त्यांना मानानं बोलावणं आलं. वस्तीवर मांडव घातला होता. त्यांना एकटीला खुर्ची दिली, पुरणाच्या होळगीवर तूप वाढलं. रूपा हिरव्या लुगड्यात बसली होती. नवऱ्याकडच्यांनी कबूल केलेलं बारावीनंतरचं शिक्षण आता नको म्हटलं, दागिन्यांवरून बोलणं फिरवलं, तारीख अलीकडं ओढली.

"लई गुणाची हाय बघा," नवऱ्याची आई बायकांना सांगत होती. "ह्येच्यातलं एक न्हाई मागितलं तिनं. हातचं सोडती, पर त्वांड उघडत न्हाई. आमच्या घरात अशीच पायजे."

सटवाजीची छाती फुलली. त्यानं खुर्चीकडं हात केला. "ह्या अक्कांच्या हातची हाय. सगळं वळण त्यांचं."

"हौदा? खरं म्हणता?" म्हणत ती बाई उठली. पदर सावरून अक्कांच्या पुढ्यात आली, पाया पडायला वाकली. "अक्का, माझी धाकटी लई भांडकुदळ हाय ओ. तिलाबी धाडू का तुमच्याकडं?"

अक्कांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.