उसनं दिलेलं नाव

हांगचौहून कुनमिंगला जाणाऱ्या हिरव्या गाडीला घाई ठाऊकच नाही. शेजारच्या रुळांवरून पांढऱ्या वेगवान गाड्या सुळकन निघून जातात आणि ही बापडी भाताच्या खाचरांपाशी ताटकळत उभी राहते. तिच्या मधल्या बर्थवर लू गेनशेंग आडवा झाला होता. अंगात इस्त्रीचा कोट, पायात चकचकीत बूट. असा माणूस या गाडीत शोभत नव्हता, आणि हे त्यालाही कळत होतं.

निंगबोच्या एका झिपच्या कारखान्यात त्याने उभं आयुष्य ड्रायव्हरकी केली. कारखाना डेन्मार्कच्या एका गोऱ्याचा. नाव हेन्रिक, पण कामगारांच्या जिभेला ते पेललं नाही म्हणून त्याचा हान साहेब झाला. साहेब मोठा मोकळा. खारवलेले खेकडे बोटं चाटत खायचा, गाडीत मागे न बसता गेनशेंगच्या शेजारी बसायचा. झिपच्या पट्ट्या रंगवल्या की मागच्या कालव्याचं पाणी आज लाल तर उद्या जांभळं व्हायचं. तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटत नसे. शहराला परदेशी पाहुणे हवे होते. अधिकारी स्वतः पेल्यावर पेले रिचवून त्यांना जमिनी देत होते.

मग साहेबाच्या ओळखीतल्या एका परदेशी व्यापाऱ्याला विमानतळावरच अडवलं. कंपनीचा वाद मिटेपर्यंत देश सोडायचा नाही, कारण कागदोपत्री कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधी तोच. हान साहेबाची झोप उडाली. त्याने गेनशेंगला केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा ओतला आणि जुन्या दोस्ताला मारावी तशी हाक मारून म्हणाला, "लाओ लू, परवान्यावर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून एक नाव लागतं. तुझ्याइतका भरवशाचा माणूस मला इथे दुसरा नाही."

पंचाईत अशी, की ते अगदी खरं होतं. गेनशेंगचा ऊर भरून आला. परवाना काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला, त्यावर त्याचं नाव. त्याने गावी जेवणावळ घातली. भाऊबंद टेबलावर पेले आपटत "चेअरमन! आमचे चेअरमन!" म्हणून त्याची टर उडवत होते आणि मनातून जळतही होते. पगार तोच, गाडी पुसायचं फडकं तेच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण त्या वर्षी तो सुखी होता, हे मात्र नाकारता येत नाही.

पुढे वारं फिरलं. कालव्यात रंग सोडायचा नाही, कारखाना शहराबाहेर न्या, असे हुकूम आले. तिकडे अमेरिकेने जकात वाढवली आणि गिऱ्हाइकं व्हिएतनामला गेली. हान साहेब नाताळाला म्हणून घरी गेला तो सगळ्यांच्या हातावर तुरी देऊनच. माल पुरवणारे कोर्टात गेले. कोर्टाला साहेब सापडेना, गेनशेंग सापडला. कंपनीचं देणं फिटेपर्यंत त्याला विमान बंद, वेगवान गाडी बंद, चांगलं हॉटेल बंद. ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की यंत्र आवाज न चढवता 'नाही' म्हणतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुनमिंगला नोकरी करणाऱ्या लेकीला, वेनलानला, तर मुळीच नाही. "मला विमानाची भीती वाटते," म्हणायचा, आणि नव्या वर्षाला वेनलानच घरी यायची.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. "बाबा, ओळखा काय झालं! आमच्या परदेशी कॉफी कंपनीला इथे कायदेशीर प्रतिनिधी हवाय. साहेबांनी माझं नाव सुचवलंय. सोमवारी सही! बाप तशी लेक, काय?"

गेनशेंगने सगळं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "अभिनंदन, पोरी." फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली. फोनवर जीभ फिरली, समोर उभा राहिलो तर कदाचित फिरणार नाही, एवढ्या आशेवर तो निघाला होता.

खिडकीबाहेर जिआंगशीचे डोंगर धुक्यात विरत होते. गाडीच्या झोक्यात त्याला वाटे, ही गाडी आपणच चालवतो आहोत. शेजारी हान साहेब घोरतो आहे, रस्ता कालव्याच्या पाण्यातून जातो आहे, आणि पाणी घटकेत लाल, घटकेत जांभळं. पाण्याखालून वेनलान शाळेच्या कपड्यांत चालली आहे. तिचे केससुद्धा भिजत नाहीत. तो हाका मारतो, पण तोंडातून येतं फक्त "अभिनंदन, अभिनंदन". बोगदा आला की स्वप्न मावळे, उजेड आला की पुन्हा तिथूनच सुरू होई.

"कुणाचं अभिनंदन करतोयस रे झोपेत?" खालच्या बर्थवरून थान आजीने विचारलं. चहाच्या बियांच्या तेलाचे डबे घेऊन ती वाटेतल्या हुआयहुआला चालली होती. "आणि एवढा कोट घालून या गाडीत कसा? वेगवान गाडी चुकली?"

"मला वेगाची भीती वाटते, आजी."

"जन्मभर गाडी चालवली म्हणालास ना सकाळी?" आजी हसली. "खोटं तरी नीट बोल!"

गेनशेंग खाली उतरून तिच्या पायाशी बसला आणि पहिल्यांदाच त्याने सगळं सांगितलं. आजीने तेवढ्यात एक संत्रं सोलून संपवलं.

"म्हणजे तू चोरी केली नाहीस."

"नाही."

"मग तोंड का लपवतोस?"

"गावाला जेवण घातलं होतं हो, आजी," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

कुनमिंगला उतरला तेव्हा ऊन कोवळं होतं. वेनलान फलाटावर धावत आली. "बाबा, दोन रात्री त्या खटाऱ्यात? विमानाला घाबरता म्हणून वेगवान गाडीलाही घाबरता की काय?"

"मला त्यात बसू देत नाहीत," गेनशेंग म्हणाला. आणि तिथेच, हमालांच्या धक्क्यांत उभं राहून, त्याने लेकीला सगळं सांगितलं. मान खाली होती, पण शब्द एकही गाळला नाही.

वेनलानने त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने ऑफिसला फोन लावला. "साहेब, ते नाव माझं नको. घरची अडचण आहे." पलीकडचं बोलणं गेनशेंगला स्पष्ट ऐकू आलं. साहेब रागावला नाही. हसत म्हणाला, "हरकत नाही! दारावरचे दुआन काका आहेत ना, त्यांचं घालू. भरवशाचा माणूस. खूश होतील!"

"सुटले, बाबा!" वेनलानने सुस्कारा सोडला. "चला, घरी भात गरम आहे."

गेनशेंग जागचा हलला नाही.

"हा दुआन राहतो कुठे?"

"ऑफिसच्या मागेच. का?"

"मुलंबाळं आहेत?"

"एक मुलगा आहे, दूर शेनचेनला. बाबा, तुम्ही दमलात. आधी जेवा, मग बघू."

"त्याने गावाला जेवण घालायच्या आत मला त्याला गाठू दे," गेनशेंग म्हणाला, आणि बॅग उचलून तिच्या पुढे चालू लागला.