मागच्या सीटचं माप

माझ्या वहिनीचा आणि नम्रपणाचा छत्तीसचा आकडा आहे. "कोट काय छान बसलाय हो!" असं गिऱ्हाईक म्हणालं, की दुसरी एखादी शिवणारी बाई लाजून हसेल. आमची वहिनी म्हणते, "बसणारच. मी बसवलाय."

घराच्या पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मशिनं, एक उंच आरसा आणि गिऱ्हाइकाला उभं करायला एक चौरंग. लोक बाजारातून तयार कपडे आणतात आणि वहिनी ते त्यांच्या अंगाचे करून देते. तिचा नियम एकच: ज्याचा कपडा, त्याच्याच अंगावर बघायचा. एकदा एक बाई नवऱ्याची पॅन्ट आणि कागदावर लिहिलेली मापं घेऊन आली होती. वहिनीने तिला दारातूनच परत पाठवलं. "नवऱ्याला घेऊन या. पॅन्ट त्याला घालायचीय, कागदाला नाही." बाई फणफणत गेली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन आली. वहिनीशी भांडून कुणाचंच भागत नाही, माझंही नाही.

आमची मोठी गाडी चालवतेही तीच. घेतली दादाने, माझ्या थोरल्या भावाने. गाड्यांबद्दल त्याला सगळं माहीत आहे. जेवतानाही मोबाइलवर कुणीतरी परदेशी माणूस गाडी चिखलातून काढत असतो आणि दादा घास हातात धरून बघत असतो. फक्त प्रत्यक्षात रिव्हर्स घेताना फाटकाचा खांब त्याला दिसत नाही. तिसऱ्यांदा खांबाला गाडी घासली तेव्हा वहिनी हात पुसत दुकानातून बाहेर आली, म्हणाली, "उतरा," आणि स्टिअरिंगवर बसली. ती आजतागायत उठलेली नाही. दादाकडे सजावटीचं खातं राहिलं. त्यानेच गाडीला कंपनीची चाकं काढून मोठ्या चकचकीत रिमा आणि त्यांवर पट्टीसारखे पातळ टायर बसवले. गाडी दिसायची मात्र झोकदार, ते मान्य करायला हवं.

आता बाबा. आमच्या बाबांनी सगळी नोकरी रोड रोलरवर काढली. रोलरचा वेग असा, की शाळेतून येताना आम्ही पोरं चालत त्यांच्या पुढे निघून जायचो आणि ते वरून आम्हाला दटावायचे. संध्याकाळी काम संपलं की चपला हातात घेऊन त्या दिवशीचा पट्टा ते अनवाणी चालून बघायचे. पायाला काही बोचलं नाही, तर म्हणायचे, "रस्ता बरा झालाय." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नाही आणि ती फक्त रस्त्यांना मिळते. माझा शाळेत पहिला नंबर आला तेव्हा मला "ठीक" मिळालं होतं. दादाच्या नोकरीला "ठीक". आमच्या लग्नांनाही "ठीक"च.

या माणसाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. झालंही चांगलं. बागेपर्यंत चालत जायचे, पेपर वाचायचे, दादाशी वाद घालायचे. फक्त माझ्या घरी यायचं नाव काढत नव्हते.

माझी वरच्या गावात, घाट चढून गेल्यावर, रोपवाटिका आहे. रोपं विकून विकून मी तिथंच घर बांधलं. लहानसं आहे, पण वीट न् वीट माझी. बांधून झाल्यावर सगळे येऊन गेले; ज्यांना बोलावलं नव्हतं तेसुद्धा जेवून गेले. बाबा नाही आले. आधी ऊन होतं, मग थंडी होती, मग टीव्हीवर सामने होते. शेवटी म्हणाले, "तुझं घर काय पळून चाललंय?" घर पळत नव्हतं हो, पण वय पळत होतं, त्यांचंही आणि माझंही. बाबांनी एकदा माझ्या घराच्या उंबऱ्यातून आत यावं एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी रडलेही आहे. मला वाटायचं, लेकीने स्वतःच्या बळावर घर बांधलं हे त्यांच्या पचनी पडत नाही.

त्या वेळी मी माहेरी आले ती भांडायचंच ठरवून. नेमकं तेव्हाच गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते आणि दादाने नव्या टायरांचा विषय काढला होता. त्याला मोठाल्या खाचा असलेले, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर हवे होते. "घाट चढायला दम पाहिजे," तो म्हणाला. घाट चढून जातंय कोण, हे मी विचारलं नाही. भांडण बाबांसाठी राखून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. वहिनी चालवत होती, मी तिच्या शेजारी, बाबा मागे डावीकडच्या खिडकीशी. ती त्यांची जागा. आमच्या घरात मोठ्यांच्या जागेवर कुणी बसत नाही. बाबा गाडीत नसले तरी ती सीट रिकामी राहते. दादा तर तिथं पिशवीसुद्धा ठेवू देत नाही. गाडी आल्यापासून त्या सीटवर बाबांशिवाय कुणी टेकलेलं नव्हतं.

शाळेच्या रस्त्यावर ओळीने स्पीडब्रेकर आहेत. वहिनी अधूनमधून आरशात बघत होती. बाबांना दवाखान्यातून घेऊन घरी सोडलं, ते आत गेले, तरी ती गाडीशी तशीच उभी राहिली. मग किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू चालव."

"आणि तू?"

तिने मागचं दार उघडलं आणि बाबांच्या जागेवर जाऊन बसली.

"अगं, ती बाबांची जागा आहे!" मी म्हणाले.

"म्हणूनच. शाळेच्या रस्त्याने घे. मी चालवते तशीच चालव, उगाच लाड नको."

पहिल्या स्पीडब्रेकरवर मागून "आई गं!" ऐकू आलं. दुसऱ्यावर काहीच आलं नाही. रस्ता संपला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा." मी गाडी वळवून पुन्हा आणली. मग मागे वळून बघितलं, तर वहिनी कमरेवर हात ठेवून बसली होती आणि तिचे डोळे भरले होते.

"वन्सं," ती म्हणाली. हा शब्द ती एरवी मला चिडवायला वापरते. "बाबा प्रत्येक धक्क्याच्या आधी वरची कडी धरून सीटवरून उठतात. आरशात बघत होते मी. सगळे धक्के पाठ आहेत त्यांना. ऑपरेशन झालेली पाठ आणि हा असला मार! आणि आपण म्हणतोय, म्हातारा हट्टी आहे."

"मग बोलायचं ना त्यांनी!"

बोलता बोलता मलाच कळलं. ज्याने सगळा जन्म रस्ते सपाट केले, तो रस्ता बोचतो म्हणून सांगेल? जीभ तोडून देतील, पण म्हणणार नाहीत. घाटात तर वळणावळणाला असे धक्के. माझ्या घराशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. रस्ता त्यांना सोसत नव्हता आणि ते मूग गिळून बसले होते. इतके दिवस उराशी धरलेला राग कुठं ठेवावा ते मला कळेना.

संध्याकाळी आम्ही तिघं टायरच्या दुकानात गेलो. रबराचा वास, भिंतीला टेकून छतापर्यंत रचलेले टायर, काळ्या पाण्याची टाकी, मध्येच हवेच्या मशिनचं फुसकारणं. टायरवाला शांत माणूस होता, चष्मा कपाळावर. दादाने एका खाचेवाल्या टायरला लाथ मारून बघितली. लाथेने काय कळतं ते देव जाणे, पण पुरुष लाथ मारतात.

"यातला मागच्या सीटवर कुठला बरा?" वहिनीने विचारलं.

टायरवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "कसा दिसतो, किती टिकतो, केवढ्याला, हे विचारतात बाई. मागच्या सीटचं आजवर कुणी विचारलं नव्हतं." मग गाडीभोवती फिरून म्हणाला, "रिम मोठी, म्हणून टायर पातळ. टायर पातळ म्हणजे आत हवा थोडी. आणि धक्का खाते ती हवा. या रिमांवर कुठलाही टायर चढवा, मागे बसणाऱ्याचे हाल. कंपनीच्या जुन्या रिमा आहेत का?"

दादा छताकडे बघायला लागला.

"आहेत की!" वहिनी म्हणाली. "अंगणात. पाण्याची नळी गुंडाळून ठेवलीय त्यांना." काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

"अगं, रुबाब जाईल गाडीचा," दादा कळवळून म्हणाला. "हत्तीला शेळीचे पाय लावल्यासारखं दिसेल!"

वहिनी वाद घालत बसली नाही. तिने मागचं दार उघडलं. "बसा."

"तिथं? ती बाबांची..."

"बसा म्हणते ना."

ती दादाला शाळेच्या रस्त्यावरून फिरवून आणेपर्यंत मी टायरवाल्याशी गप्पा मारत बसले. गाडी परत आली. दादा सावकाश उतरला, थोडा वेळ बाबांच्या सीटकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मी रिमा घेऊन येतो." ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आमच्याकडे कळायला त्या जागेवर बसावं लागलं. माझा भाऊ भोळा आहे, पण बाबांसाठी त्याने आपल्या लाडक्या रिमा एका शब्दात सोडल्या, हेही सांगायला हवं.

एवढ्यावर संपलं असतं तर ती वहिनी कसली! जुन्या मापाचे जाड टायर टायरवाल्याने पुढे केले, तेव्हा ती म्हणाली, "बसवून दाखवा. आवडले तर घेते."

"बाई, हे टायर आहेत, चपला नाहीत घालून बघायला!"

"चप्पल चावली तर काढून हातात घेता येते. टायर घेता येतील का?"

टायरवाला हसला. त्याच्या स्वतःच्या गाडीला तेच टायर, त्याच मापाचे होते. वहिनी तिच्यात मागे डावीकडे जाऊन बसली आणि तो चालवायला बसला. पहिलाच खड्डा त्याने एवढ्या हळुवार घेतला, की वहिनी म्हणाली, "मला टायर विकू नका, रोज चालवता तशी चालवा." तो मुकाट्याने तशी चालवायला लागला. परत आल्यावर तिने एवढंच सांगितलं, "हेच." नंतर तो जरा जास्तच हवा भरायला निघाला, तेव्हा तिने गाडीच्या दारावर हवेचं माप छापलेल्या पट्टीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलीय तेवढीच. शिलाईसुद्धा फार ताणली की उसवते."

बाबांना कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत जायला निघाले. वहिनी म्हणाली, "बाबा, ताईला बस स्टॅंडवर सोडतेय. चला, तेवढंच बाहेर." माझी बॅग मागे टाकली आणि निघालो.

शाळेचा रस्ता आला. मी मान वळवली नाही, माझ्या बाजूच्या आरशातून बघत राहिले. पहिल्या स्पीडब्रेकरला बाबांनी कडी धरली आणि उठले. गाडी वर चढून खाली उतरली. दुसऱ्याला ते अर्धेच उठले. तिसऱ्याला त्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यानंतर तो मांडीवर येऊन पडला आणि ते खिडकीतून बाहेर बघू लागले. वहिनीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

चौकात उजवीकडे बस स्टॅंड, डावीकडे घाट. वहिनीने गाडी कडेला घेतली. "बाबा, कुठं वळू?"

मागून एका ट्रकने हॉर्न वाजवला.

"बसने कशाला पाठवतेस तिला?" बाबा म्हणाले. "वर घे."

घाटभर बाबांची टकळी चालू होती. या वळणावर खडी कमी पडलीय, इथं उतार चुकलाय, हे डांबर आहे की काजळ, कुणी सोडलं या माणसांना रस्त्यावर! रस्ता बोचेनासा झाला तशी त्यांना त्यातली खोट दिसायला लागली होती. इतक्या शिव्या ऐकून एवढा आनंद मला जन्मात झालेला नाही.

माझ्या फाटकाशी गाडी थांबली. बाबांना घर कसं दाखवायचं, आधी कुठली खिडकी, मग कुठला वाफा, हे मी वर्षभर मनात घोळवलं होतं. पण बाबा उतरले ते दाराला धरून सरळ गाडीच्या मागच्या चाकापाशी गेले. जपून वाकले आणि टायरच्या बाजूवर अंगठा दाबून बघितला.

"कुणी निवडले?"

"मी," वहिनी म्हणाली. पुढे काहीतरी ठसक्यात म्हणणार होती, मला ठाऊक आहे.

बाबांनी चपला काढल्या. माझ्या अंगणातल्या गार फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि वळून तिच्याकडे बघून म्हणाले, "रस्ता बरा केलास, पोरी."

मी वहिनीला कोट, पॅन्ट, नवरा, नणंद, कशापुढेही गप्प झालेली पाहिलेली नाही. त्या दिवशी पाहिली. ती गाडीची किल्ली शोधायला लागली आणि किल्ली तिच्या हातातच होती.

मग बाबा माझ्या घरात आले. खोल्या पाहिल्या, भिंतीवर टिचकी मारली, रोपांमधून हिंडले. घराला "ठीक" मिळालं. मला ते अगदी भरपूर होतं. "बरा" जिच्या कष्टाचा होता, तिलाच मिळाला होता.

बाबा माझ्या खिडकीशी चहा पीत बसले असताना वहिनी स्वयंपाकघरात आली. उगाच कपाटं उघडली, मिटली.

"वन्सं, बाहेर बाबा काय म्हणाले गं? मला नीट ऐकू आलं नाही."

तिला चांगलं ऐकू आलं होतं. मी पुन्हा सांगितलं. तिने आणखी एकदा विचारलं, तेव्हा आणखी एकदा सांगितलं.