ब्राँझच्या बैलाचा खांदा

उद्या पोळा. जळगाव जामोदच्या चौकात शेतकरी आणि त्याच्या बैलजोडीचा ब्राँझचा पुतळा आहे. आज त्याच्यापाशी हळद-लोण्याचा वास आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे शेकतात तसे कोणीतरी या दोन्ही बैलांचे खांदे शेकले होते. मी हात लावला. धातू गारच होता.

विदर्भ सीपी-बेरार प्रांतात होता त्या काळात, मी लहान असताना, ऐन पोळ्याच्या तोंडावर आमचा मोऱ्या बैल मेला. बाबांनी उरलेल्या पवळ्याचा खांदा शेकला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हटलं. मग मोऱ्याच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन तेच म्हटलं.

"त्याले काऊन, बाबा?"

"निंगून गेलं तोंडातून," ते पाठमोरेच म्हणाले.

आज घरी येऊन मी दोन ताटं वाढली. आमचे हे जाऊन वर्ष झालं. सून बघत होती. तिनं दुसऱ्या ताटापुढं पाट मांडला.