जाऊबाईंच्या वावरातली झेंडी

तरुणपणी मी एक झेंडी चोरली. आज शेजारी बोअरची गाडी आली, डिझेलचा आणि ओल्या दगडाच्या भुकटीचा वास घरात शिरला, आणि माझा तो शहाणपणा आठवला.

तेव्हा जमिनीखाली तेल शोधणारे लोक आमच्या शिवारात आले होते. जिथे भोक पाडायचं तिथे ते लाल झेंडी रोवत. ती रोवली थोरल्या जाऊबाईंच्या वावरात. साहेब त्यांच्या धुऱ्यावर, बांधावर बसून चहा पीत, आणि बाई अशा मिरवत, जणू तेल त्यांनीच पेरलं होतं. माझा जळून कोळसा झाला. सांजच्याला मी झेंडी उपटली आणि आमच्या वावरात रोवली, तीही विहिरीला लागून. म्हटलं, साहेब निदान पाणी प्यायला तरी येतील.

मजुरांनी झेंडी पाहून भोक पाडलं, खालच्या तेलाचा अंदाज घ्यायला त्यात सुरुंग उडवला. तेल कुठलं निघतंय? विहिरीचं पाणी गढुळलं, त्यावर तवंग आला, मग ते तळालाच गेलं.

घागर घेऊन जाऊबाईंच्या विहिरीवर गेले. पाणी नितळ होतं. आजही आहे, आणि आजही मला ते बघवत नाही. त्यांनी दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भर वं कमले, लागंन तेवढं भर. माह्या विहिरीपाशी झेंडी तेवढी रोवू नको."