अक्षता पडेपर्यंत

आपण देवीला चुकीचं मागून बसलो, ही भीती मला फार छळायची. नवरा गेला, पाठोपाठ माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा लेक अंगणवाडीत जायची. तिचा रिपोर्ट चांगला आला, तेवढंच सुख. मी तडक मोहटादेवीच्या गडावर गेले आणि पदर पसरला. "हिच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत जगू दे. मग खुशाल ने मला." तेवढं तरी मिळेल की नाही, कुणास ठाऊक, असं वाटत होतं.

गोळ्या सुरू झाल्या, अंग धरलं. श्रीगोंद्यात शिलाईचं काम लागलं. बघता बघता लेक लग्नाची झाली. शब्द पाळायची वेळ आली की! पाहुणे आले की मी खोड काढायची. एकाचं घर लांब, एकाची आई तोंडाळ. एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी सेंटरमधले डॉक्टर सांगायचे, गोळ्या चुकवल्या नाहीत तर तुम्हीही इतरांसारख्या म्हाताऱ्या व्हाल. पण त्यांना माझा नवस कुठं माहीत होता? बेलापूरचं स्थळ लेकीच्या मनात भरलेलं. मी तेही लांबवलं, तेव्हा ती रडत म्हणाली, "आई, तुला माझं लगीन करायचं हाय का न्हाई?" तुझ्या लग्नाचं मला भ्या वाटतं, हे पोटच्या पोरीला कसं सांगावं?

मी पुन्हा गड गाठला. रांगेत माझ्यापुढं एक पांढऱ्या केसांची आजी होती, ऊसतोडीत रापलेली. तिनं पदराआडून गोळ्यांची डबी काढली आणि माझ्याकडं पाणी मागितलं. डबी बघून मी चपापले. सेंटरमध्ये मला मिळते तीच. मी गुपचूप माझी डबी दाखवली आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"अगं येडे," आजी म्हणाली, "मी बी तसंच मागितलं हुतं, पोराचं लगीन हुईस्तवर. आज नातवाचं जावळ काढाया आलेय. आपुन भिऊन थोडकं मागितलं, म्हून देवीनं बी थोडकंच द्यायचं व्हय?" सुनेच्या कडेवरचं बाळ तिनं माझ्या हातात दिलं. "धर. सवय कर."

त्या वर्षी बेलापूरच्या मांडवात अक्षता पडल्या. त्या रात्री देवीचं नाव घेत मी अंथरुणाला पाठ टेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, चहा ठेवला, आणि चुलीपुढंच हुंदका फुटला.

नवस फेडायला गेले तेव्हा ओटी भरली, पदर पसरला, पण तोंडानं काही मागितलं नाही. किती द्यायचं ते आता तिचं तिनं ठरवावं. पायरीवर बसून मी गोळी घेतली आणि गड उतरायला लागले.